सबल, पण अज्ञान

२०२३च्या जानेवारीत आमच्या सोसायटीचं पत्र आलं. ‘आपल्या अंगणातील नाताळची सजावट नियमाप्रमाणे पंधरा जानेवारीपर्यंत उतरवणे आवश्यक होते. ती अद्याप तशीच असल्याचे निदर्शनास आले आहे. दहा दिवसांत काढावी, अन्यथा दंड आकारण्यात येईल.’ सोबत पुरावा म्हणून रंगीत फोटो. फोटोत आमचं पुढचं अंगण, अंगणात आईने शिवलेली गोधडी, गोधडीवर निळी ताडपत्री आणि ताडपत्रीच्या फटींतून डोकावणारे लाल-हिरवे दिवे.

आम्ही नाताळची सजावट केलीच नव्हती. तो आमचा ताड होता.

ताड म्हटल्यावर वाचकाची मान सवयीने वर जाते. ती कृपया खाली घ्यावी. अजून खाली. गुडघ्याच्या, पोटरीच्या आणि मोज्याच्या रबराच्या मधे कुठेतरी थांबावं. तेव्हा त्याची उंची नऊ इंच होती, तीही मी पान ताणून धरून मोजलेली. ‘ताडमाड’ हा शब्द ज्याने केला त्याने हे झाड पाहिलेलं नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

मी मूळचा रत्नागिरीजवळचा. गेली बरीच वर्षं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात, राजधानी रॅलेला चिकटून असलेल्या कॅरी नावाच्या गावात राहतो. (कॅरी. कैरी नव्हे. गावी पत्ता सांगताना हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं, तरी मावशी ‘कैरीला कसं आहे सगळं?’ असंच विचारते.) गावात इतके लोक बाहेरून आले आहेत, की कॅरीच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या चार अक्षरांची फोड करून ‘स्थलांतरित उत्तरवाल्यांना कोंडून ठेवण्याचं ठिकाण’ असा अर्थ इथले जुने लोक सांगतात. आपण त्यांत येतो की नाही हे विचारण्याचं धाडस मी केलेलं नाही. आपण उत्तरेहून नाही, पूर्वेहून आलो.

इथे झाडं भरपूर. घरामागे पाइन उभे आहेत, साठ-साठ फुटांचे. पण पाइनकडे बघून कोकणातल्या माणसाचं काही हलत नाही. खोबरं नाही, झावळी नाही, वाऱ्यावर सळसळ म्हणावी तर तीही दात खाल्ल्यासारखी. सोळा वर्षं अंगणात बघताना मला काहीतरी चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं, आणि २०२२च्या एप्रिलमध्ये एका रोपवाटिकेत ते काय ते कळलं. पाटी होती : ‘थंडी सोसणारे पाम’.

माणसाने दुकानदाराला आपली दुखरी जागा कधी दाखवू नये. मी दाखवली. ‘आमच्या गावी घराभोवती माड आहेत’ एवढंच म्हणालो, तर त्या गृहस्थाने टोपी सरळ केली आणि मला तीन झाडांपुढे नेऊन उभं केलं. तिन्हींची पानं हाताच्या पंजासारखी पसरलेली, म्हणजे आपल्या ताडाच्या जातकुळीतली. माडासारखी पिसाऱ्याची नव्हेत. पहिला ‘पवनचक्की पाम’, मूळ चीनचा, खोडाला गोणपाट गुंडाळल्यासारखं तपकिरी केसाळ आवरण. दिसायला रुबाबदार, आणि किंमत रुबाबापेक्षा जास्त. दुसरा ‘सुयांचा पाम’. हा अमेरिकेच्याच आग्नेय कोपऱ्यातला, सगळ्या पामांमध्ये थंडीला सर्वांत कमी दाद देणारा म्हणून नावाजलेला. पण त्याच्या बुंध्यातून स्वेटर विणायच्या सुयांएवढे काटे वर आलेले असतात, आणि आमचा मुलगा सायकलवरून जिथे पडू नये नेमका तिथेच पडतो. तिसरं एका डब्यात होतं.

‘हा काय?’ मी विचारलं. डब्यात गवताची दोन पाती होती आणि एक अर्धवट फाटलेलं पान.

‘हा अगदी इथलाच,’ तो म्हणाला. ‘याच राज्यातला. बुटका पाल्मेटो.’

‘किती वर्षांचा?’

‘तीन.’

तीन वर्षांत दोन पाती. आमच्याकडे तीन वर्षांत पोर शाळेत जायला लागतं. पण ‘इथलाच’ या शब्दाने मी अडकलो. त्या डब्यावर शास्त्रीय नावाची चिठ्ठी होती, ती वाचली आणि पुढची घासाघीस करायचं विसरलो. बावीस डॉलर. मनात सत्त्याहत्तरऐवजी शहात्तरने गुणलं, म्हणजे सोळाशे बाहत्तर रुपये झाले, बरं वाटलं.

चिठ्ठीवर होतं : सबल मायनर.

‘सबल’ हे नाव मिशेल आदाँसाँ नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६३ साली दिलं. त्याचा आपल्या ‘बला’शी काही संबंध नाही हे मला कळतं, पण संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर अण्णांना ते सांगताना माझी छाती थोडी फुगली होती. अण्णा रत्नागिरीच्या कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण कुठलंही नाव ते दाव्यातल्या पक्षकारासारखंच ऐकतात.

‘सबल मायनर,’ अण्णा म्हणाले. ‘मायनर म्हणजे अज्ञान. सबल आहे, पण अज्ञान आहे. मग अ.पा.क. कोण?’

सातबाऱ्यावर पोराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहितात, अज्ञान पालनकर्ता. मी म्हणालो, ‘मी.’

‘मग त्याच्या वतीने सगळ्या सह्या तुझ्या,’ अण्णा म्हणाले. हे वाक्य पुढे फार महागात पडलं.

अमेरिकेत खड्डा खणणं ही सरकारी बाब आहे. कुदळ मारण्याआधी ८११ या नंबरवर फोन करायचा. मग तीन दिवसांत वेगवेगळी माणसं येऊन आपल्या जमिनीखाली कुठून काय गेलंय ते वर रंगाने आखून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा गटार, नारिंगी टेलिफोन आणि इंटरनेट. हे सगळं फुकट. ‘फुकट’ म्हटल्यावर मी एका खड्ड्याऐवजी सगळ्या अंगणाची आखणी करून घेतली. चौथ्या दिवशी अंगणात अशी काही रांगोळी पडली होती, की समोरच्या घरातल्या मराठी वहिनींनी ‘आज काय विशेष?’ असा मेसेज केला. सगळे रंग चुकवून मोकळी जागा उरली ती गाडीच्या रस्त्याशेजारी दोन फूट. तिथे ताड.

आणि माती! कॅरोलायनाच्या या भागात माती लालभडक, चिकट. कुदळ रुतते, आणि परत निघताना पायातला बूट घेऊन येते. लोखंडाच्या गंजाचा तो लाल रंग, थेट आमच्या जांभ्याचा. मे महिन्यात आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आले. विमानाचा शीण उतरायच्या आत आई अंगणात उतरली, वाकून चिमूटभर माती घेतली, अंगठ्याने चिरडली आणि म्हणाली, ‘ही आपलीच की रे.’ मग ती ताडाकडे वळली. बराच वेळ बघितलं.

‘माड कुठे आहे?’

‘हाच.’

‘हा?’ आईने चष्मा लावला. ‘हे पातं आहे.’

मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. हा बुटका आहे, याला खोड असतं पण ते जमिनीखाली असतं, वर फक्त पानं येतात. शिवाय याची वाढ सुरुवातीला वर होतच नाही. कोवळं खोड आधी खाली जमिनीत जातं, खोल जाऊन वळतं आणि मग वर यायला लागतं, सॅक्सोफोनच्या वाकड्या नळीसारखं. म्हणून आत्ता काही दिसत नाही. खाली काम चालू आहे.

आई काही बोलली नाही. अण्णांना मात्र ते मनापासून पटलं. ‘बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘आधी खालच्या कोर्टात जायचं. तिथे वर्षं काढायची. मग वर अपील.’

आईने व्यवहाराचा प्रश्न विचारला : याचा उपयोग काय? नारळ नाही, सुपारी नाही, नीरा नाही. मी सांगितलं की खाली लुइझियानात हूमा नावाचे मूळ लोक आहेत, ते याच्या पानांनी पूर्वी घरं शाकारत, अजूनही टोप्या आणि टोपल्या विणतात. ‘म्हणजे झापंच झाली,’ आई म्हणाली, आणि तिच्या हिशेबात ताड एक पायरी वर चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर बुंध्याभोवती आळं केलेलं, आणि आळ्यात पांढरं काहीतरी. माड लावताना खड्ड्यात मीठ घालतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ, अख्खी निळी डबी. ‘लावताना घालायचं ते तू विसरलास,’ आई म्हणाली. मी दोन दिवस गुपचूप पाणी घालून ते धुऊन काढलं. ताडाने त्याचीही दखल घेतली नाही.

पण आईला खरा धक्का बसला तो गवताचा. इथे घरापुढे हिरवंगार, एकसारखं कापलेलं लॉन असावं असा नियम आहे. मी त्याला वर्षातून तीनदा खत घालतो, पाणी घालतो, त्यात रानटी काही उगवलं तर गुडघे टेकून उपटतो. आमच्या भागात ‘बर्म्युडा’ नावाचं गवत लावतात. आईने एक काडी उपटून नाकाजवळ धरली.

‘ही हरळी आहे.’

‘आई, ते बर्म्युडा–’

‘हरळी. दूर्वा. तुझ्या आजोबांची कंबर गेली ही उपटून उपटून. आणि तू हिला खत घालतोस?’

मी रात्री शोधलं. बर्म्युडा ग्रास आणि आपली दूर्वा एकच. एकाच शास्त्रीय नावाची, सायनोडॉन डॅक्टिलॉन. बर्म्युडा बेटांशी तिचा जन्माचा संबंधही नाही. म्हणजे ज्या हरळीच्या नावाने महाराष्ट्रातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बोटं मोडतो, तिच्यासाठी मी महिन्याला पासष्ट डॉलर पाण्याचं बिल भरत होतो. एकतीस ऑगस्टला गणपती बसले तेव्हा मात्र याचा फायदा झाला. मागच्या अंगणात, जिथे मी कधी फवारणी करत नाही तिथून, आईने एकवीस-एकवीसच्या जुड्या करून मराठी मंडळातल्या आठ घरांना पुरवल्या. त्यांपैकी तीन घरी लोक आजवर दूर्वा विकत घेत होते. गोठवलेल्या.

पण त्याआधी, जुलैत, घात झाला होता.

मुलाला चौदावं लागलं होतं आणि लॉन कापण्याचे तो वीस डॉलर घेतो. शनिवारी सकाळी मशीनचा आवाज ऐकत मी चहा पीत होतो. आवाज ड्राइव्हवेपर्यंत आला, एक क्षण ‘खर्रर्र’ झाला आणि पुढे गेला. मी कप ठेवून धावलो. ताडाच्या जागी आळं होतं, आळ्यात काही नव्हतं. काही म्हणजे अगदी काही नाही. चेंडूफळीच्या खेळपट्टीसारखं सपाट.

मुलगा म्हणाला, ‘बाबा, इट वॉज जस्ट ग्रास.’

मी खरोखर काही बोलू शकलो नाही, कारण ते पूर्ण खोटं नव्हतं. आई म्हणाली, ‘मीठ धुऊन काढलंस ना?’ अण्णांनी मुलाला बाजूला घेऊन अज्ञानाविरुद्ध अज्ञानाने केलेल्या कृत्याबद्दल काहीतरी समजावलं. मुलाने वीसपैकी पाच डॉलर परत केले.

आता इथे मला या झाडाबद्दल जरा गंभीरपणे बोलू द्या. पामाच्या जातीत बहुतेकांना वाढीचा डोळा एकच असतो, शेंड्याला. माडाचा कोंब गेला की माड गेला. बाजूने फांदी फुटत नाही. (सिंधुदुर्ग किल्ल्यावर दोन फांद्यांचा माड होता, तो बघायला शाळेच्या सहली जायच्या, त्या याच कारणाने.) बुटक्या पाल्मेटोलाही डोळा एकच. पण तो त्याने जमिनीखाली लपवून ठेवलेला असतो. वर आग लागो, पूर येऊन जावो, हरणं पानं कुरतडोत, किंवा चौदा वर्षांचा मुलगा येवो, खालच्याला पत्ता नसतो. तीन आठवड्यांनी आळ्यात एक हिरवा सुळा वर आला. रोज सकाळी अण्णा पट्टी घेऊन जात. सुळा उलगडला तेव्हा पानाचं टोक अगदी सरळ रेषेत कापलेलं निघालं, जुन्या काळी न्हावी पोरांच्या कपाळावर वाटी ठेवून केस कापायचा तसं. मशीन फिरलं तेव्हा ते पान आत गुंडाळलेलं होतं. त्याने कापलेलं टोक तसंच घेऊन वाढणं चालू ठेवलं होतं. अण्णा त्या पानापाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘मनाई हुकूम असूनही काम थांबवलेलं नाही.’

ताडामुळे आमच्याकडे माणसंही येऊ लागली. मराठी मंडळातल्या प्रत्येकाने ‘नारळ कधी लागणार?’ हा प्रश्न विचारला. काहींनी तो दर भेटीत विचारला. याला नारळ लागत नाहीत, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी काळी फळं लागतात, तीही बऱ्याच वर्षांनी, हे ऐकल्यावर चेहरे पडत. शेजारचे म्हातारे गृहस्थ मात्र वेगळ्या कारणाने आले. ‘तुझ्याकडे पाल्मेटो आहे म्हणे. मी गेली सहा वर्षं त्याच्या गोळ्या घेतोय,’ असं म्हणून त्यांनी हळूच कमरेखाली खूण केली. त्या प्रोस्टेटच्या गोळ्या ‘सॉ पाल्मेटो’ या दुसऱ्याच झाडाच्या फळांच्या. मोठ्या चाचण्यांमध्ये त्या गोळ्या आणि साध्या पिठाच्या गोळ्या यांत फरक आढळला नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. सहा वर्षांचा विश्वास आहे, आणि अधूनमधून मला त्यांच्याकडून शिडी लागते.

हे गृहस्थ साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनचे. तिथल्या राज्याच्या झेंड्यावर पामच आहे, या झाडाचा उंच थोरला भाऊ. २८ जून १७७६ रोजी इंग्रज आरमाराने चार्ल्स्टनच्या तोंडावरच्या सलिव्हन्स बेटावरच्या अर्धवट बांधलेल्या किल्ल्यावर तोफा डागल्या. कर्नल मुल्ट्रीने किल्ला पाल्मेटोच्या ओंडक्यांचा आणि वाळूचा बांधला होता. पाल्मेटोचं लाकूड स्पंजासारखं, तंतुमय; गोळे त्यात आदळून फुटण्याऐवजी रुतून बसले, आणि आरमाराला हात हलवत परत जावं लागलं. ही हकिकत त्यांनी आम्हाला कुंपणावर कोपर ठेवून इतक्या वेळा सांगितली, की अण्णांना इंग्रजी बेताचं येत असूनही तोफेचा आवाज कुठे येतो ते पाठ झालं. किल्ला आणि इंग्रज हे दोन शब्द आल्यावर मराठी माणसाला भाषांतर लागत नाही.

‘पण तुझा हा,’ म्हातारे दरवेळी शेवटी म्हणत, ‘तोफ अडवणार नाही.’ आणि पाल्मेटोचं मानाचं स्थान साउथलाच आहे, नॉर्थ कॅरोलायनात पाम कसला, असंही. यावर माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. आमच्या राज्याच्या ईशान्येला करिटक खाडीत मंकी आयलंड नावाचं छोटं बेट आहे. नावात माकड असलं तरी तिथे माकडं नाहीत, बगळे आहेत. नाव पमंकी नावाच्या मूळ लोकांवरून पडलं म्हणतात. तिथे हा बुटका पाल्मेटो रानात, आपल्या आपण उगवतो, आणि उत्तरेकडचा त्याचा शेवटचा नैसर्गिक मुक्काम तोच समजतात. म्हातारे दोन दिवस बोलले नाहीत. मग शिडी परत मागायला आले.

आई-अण्णा नोव्हेंबरच्या आरंभी परतले आणि डिसेंबरात थंडी आली.

खरं म्हणजे हा ताड शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत तग धरतो. हे चिठ्ठीवर छापलेलं होतं. रोपवाटिकेवाल्याने सांगितलं होतं. पण तेवीस डिसेंबरला दुपारी पारा दगडासारखा घसरायला लागला आणि व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, ‘त्याला पांघरूण घातलंस?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याचं शिक्षण मला मिळालेलं नाही. गोधडी काढली. गोधडी भिजू नये म्हणून वर प्लॅस्टिकची निळी ताडपत्री. (नावातच ताड, आणि आता ताडालाच प्लॅस्टिकची ताडपत्री.) शेजारचे म्हातारे हा सगळा प्रकार खिडकीतून बघत होते. ते जुन्या काळच्या नाताळच्या दिव्यांची माळ घेऊन आले. नवे एलईडी दिवे तापत नाहीत, म्हणून पामवेडे लोक थंडीत मुद्दाम जुने, तापणारे बल्ब झाडाला गुंडाळतात. माळ मोठी होती, पन्नास दिव्यांची. झाड नऊ इंचांचं. शेवटी ताड दिव्यांना गुंडाळला म्हणायला हरकत नाही.

चोवीस तारखेच्या पहाटे ओसरीवरच्या थर्मामीटरमध्ये उणे अकरा होतं. आणि त्याच पहाटे, थंडीने विजेची मागणी भडकल्यामुळे, राज्यात ठिकठिकाणी पाळीपाळीने वीज बंद करण्यात आली. आमची पाळी सव्वासातला आली. हीटर थांबला, फ्रिज थांबला, अंगणातली माळ विझली. मुलाला काय झालं ते कळेना. मी मात्र अंधारात उभा राहून ओळखीचा आनंद अनुभवत होतो. सोळा वर्षांनी लोडशेडिंग भेटलं होतं. सवयीने हात मेणबत्तीच्या फडताळाकडे गेला, आणि मेणबत्ती पेटवून, अंगात दोन स्वेटर घालून, मी ताडापाशी जाऊन बसलो. कशासाठी, हे बायकोने खिडकीतून विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. कुणीतरी सोबत असावं.

ताडाला काहीही झालं नाही. गल्लीतल्या भारी भारी झाडांची पानं मार्चपर्यंत भाजल्यासारखी तपकिरी होती. याचं एक पान वाकडं झालं नाही. गेला तो आमचा कढीपत्ता. कढीपत्ता ही परदेशातल्या मराठी घरातली खरी घरजावई वस्तू. उन्हाळ्यात गच्चीवर, हिवाळ्यात दिवाणखान्यात, खिडकीतल्या उन्हात, कोमट पाण्यावर. नाताळच्या पाहुण्यांसाठी जागा करायला मी त्याची कुंडी एका रात्रीपुरती गॅरेजमध्ये ठेवली आणि ताडाच्या गडबडीत विसरलो. सकाळी त्याने अंगावरची सगळी पानं खाली टाकली होती. त्या आठवड्यात आमटीला फोडणी बायकोने न बोलता दिली.

पुढे २०२३च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने थंडीच्या पट्ट्यांचा नवा नकाशा काढला. त्यात आमचं गाव ‘७ ब’मधून ‘८ अ’मध्ये गेलं, म्हणजे अर्ध्या पट्ट्याने उबदार ठरलं. मी जागचा हललोही नव्हतो. अशी बढती मला नोकरीत कधी मिळाली नाही.

पण परत जानेवारीच्या पत्राकडे. गोधडी मी काढायला हवी होती हे मान्य. फेब्रुवारीत एखादा झटका येईल म्हणून ठेवली होती. मी सोसायटीला नम्रपणे कळवलं की ती सजावट नाही, आत पाम आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : कुठला पाम? परवानगी कुठे आहे?

अण्णांना फोन केला तेव्हा त्यांच्या आवाजात मी अनेक वर्षांत न ऐकलेली तरतरी आली. ‘लिहून घे,’ ते म्हणाले. अर्ज त्यांनी मराठीत सांगितला, मी इंग्रजी केला. त्यात ‘वर नमूद मिळकत’ चार वेळा आणि ‘सबब’ सात वेळा होतं. ‘सबब’ला इंग्रजी शब्द शोधताना माझी रात्र गेली. तीन प्रती. चतुःसीमेसह नकाशा. उत्तरेस ड्राइव्हवे, दक्षिणेस हरळी.

समितीचं उत्तर आलं की पामसारखी उष्ण प्रदेशातली परकी झाडं आपल्या वसाहतीच्या स्वरूपाला साजेशी नाहीत. सोबत मान्य झाडांची यादी. ती यादी मी चवीचवीने वाचली. पहिलं क्रेप मर्टल. ते मूळचं आशियातलं, आपल्या ताम्हणाच्या कुळातलं, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्यफुलाचं चुलत भावंड. चार्ल्स्टनला ते आणलं एका फ्रेंच माणसाने. मग कमेलिया, चीन-जपानचा. मग नंदिना, चीनची. ब्रॅडफर्ड पेअरही होतं, चिनी नासपतीची पैदास, वसंतात फुललं की गल्लीभर कुजक्या मासळीचा वास. ते तोडून फोटो पाठवला तर या राज्यात बदल्यात देशी झाडाचं रोप फुकट देण्याची योजना आहे, इतकं ते नकोसं झालंय. आणि लॉनसाठी पहिली पसंती : बर्म्युडा. हरळी.

म्हणजे वसाहतीत मान्य असलेलं जवळजवळ सगळं आमच्याच बाजूने आलेलं, आणि ज्याचे पूर्वज या राज्यात माणूस यायच्या आधीपासून चिखलात उभे आहेत त्याला विचारतात, ‘मूळचा कुठला?’ हा प्रश्न ऐकण्याचा सराव मलाही आहे. किराणा दुकानात, टॅक्सीत, दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. कॅरी म्हटलं की समोरचा हसतो आणि म्हणतो, ‘नाही, पण मूळचा?’

अण्णांनी पुरवणी अर्ज सांगितला. मंकी आयलंडचा दाखला, विद्यापीठाच्या वनस्पतींविषयीच्या माहितीच्या छापील प्रती, राज्याच्या मूळ वनस्पतींच्या यादीत नाव असल्याची नक्कल. ‘अधिवास प्रमाणपत्र’ या शब्दावर अण्णा अडून बसले होते, ते मी ‘माहितीपत्रक’ असं करून घातलं. खाली सही माझी. सहीखाली, अण्णांच्या आग्रहास्तव : अ.पा.क.

मे महिन्यात समितीच्या बाई पाहणीला आल्या. हातात पाटी, गळ्यात ओळखपत्र. मी फाइल घेऊन ओसरीवर उभा होतो. त्यांनी आधी छपराच्या दिशेने पाहिलं, मग घराच्या दोन्ही बाजूंना, मग घरामागच्या पाइनकडे. ‘पाम कुठे आहे?’ मी बोट केलं. त्या बोटाच्या दिशेने चालत आल्या, अजून थोड्या आल्या, आणि मी ‘अहो, पाय!’ असं मराठीत ओरडलो. त्या एका पायावर थांबल्या. खाली पाहिलं. एक कापलेल्या टोकाचं पान, दोन नवी पाती, आणि मधे उलगडायच्या बेतात असलेला एक सुळा. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं, माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं आणि गाडीत बसून गेल्या.

पत्र आठवड्याने आलं. ‘आपल्या अर्जानुसार जागेची पाहणी करण्यात आली. सदर ठिकाणी पाम आढळला नाही. तथापि, ड्राइव्हवेलगतचे गवत विहित मर्यादेपेक्षा अधिक वाढले असून ते दहा दिवसांत कापावे.’

मी ते अण्णांना शब्दन्‌शब्द वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. पाठीमागून आईचा आवाज आला, ‘त्या पोराच्या हातात मशीन देऊ नको म्हणावं.’ मग अण्णा म्हणाले, ‘पाम आढळला नाही, असं त्यांनी लेखी दिलंय?’

‘हो.’

‘सही आहे?’

‘आहे.’

‘जपून ठेव,’ अण्णा म्हणाले. ‘आता परवानगी कसली मागायची?’